पांढरा युनिफॉर्म आणि नखांतला गंज

डोंबिवलीच्या मामाच्या शोकेसमध्ये सध्या एकाच फोटोची चलती आहे. पांढराशुभ्र युनिफॉर्म, डोक्यावर कॅप आणि चेहऱ्यावर 'आपण आता कॅप्टनच' असा भाव. हा आमचा मामेभाऊ, वय वर्षं 20, डेक कॅडेट. घरी येणाऱ्याला चहाच्या आधी हा फोटो दाखवला जातो.

मागच्या महिन्यात त्याचं जहाज सिंगापूरजवळ नांगर टाकून उभं होतं, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. तेलकट बॉयलर सूट, नखांत गंज, तळहातावर फोड. मामीचा चेहराच उतरला. पठ्ठ्या मात्र हसत मला म्हणाला, "ताई, तो पांढरा युनिफॉर्म जहाजावर चढल्यापासून मी दोनदाच घातलाय!"

मर्चंट नेव्ही म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डॉलरमधला पगार, फुकटात जगप्रवास आणि सहा महिन्यांची सुट्टी. काही जण तर अजूनही विचारतात, "म्हणजे नौदलात का?" नाही हो! नौदल देशाचं रक्षण करतं आणि मर्चंट नेव्ही माल वाहते. कोळसा, गहू, कच्चं तेल, तुमच्या हातातला मोबाइलसुद्धा. मुंबईला हे काही नवीन नाही. 1919 साली 5 एप्रिलला सिंदिया कंपनीचं 'एसएस लॉयल्टी' मुंबईहूनच लंडनला निघालं होतं, म्हणून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. भारतीय कॅडेट्सचं ट्रेनिंगही 1927 पासून मुंबई बंदरातल्या 'डफरिन' जहाजावर सुरू झालं. आज त्याच परंपरेतलं 'टीएस चाणक्य' नेरूळला आहे.

एजंटकाकांची एन्ट्री

आमच्या घरातली गोष्ट मात्र इतकी भारदस्त नव्हती. बारावीचा रिझल्ट लागला आणि कुणाच्या तरी ओळखीने एक एजंट मामाच्या घरी अवतरला. गुळगुळीत ब्रोशर, टाय वगैरे. "कॉलेजची भानगडच नको. दोन महिन्यांचा कोर्स, अडीच लाख रुपये, थेट कॅडेट म्हणून जहाजावर!" मामा फिक्स्ड डिपॉझिट मोडायला निघाला. टोकन म्हणून 25 हजार देऊनही टाकले.

मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "मामा, थांब जरा." केंद्र सरकारचं जहाजवाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजी शिपिंग, खलाशी आणि अधिकारी भरती करणाऱ्या कंपन्यांना लायसन्स देतं. त्याला आरपीएसएल म्हणतात. ही यादी वेबसाइटवर कुणालाही बघता येते. आम्ही यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. एजंटकाका त्यात कुठेच नव्हते. दोन दिवसांत त्यांचा फोनही बंद. 25 हजार गेले ते गेलेच, पण डिपॉझिट वाचलं.

त्याचं वर्ष मात्र वाया गेलं. मामा त्याच्याशी आठवडाभर बोलत नव्हता. चूक पोराची नव्हती, तरीही.

गोम इथेच आहे. या करिअरमध्ये सर्टिफिकेटइतकाच महत्त्वाचा असतो तो 'सी टाइम'. म्हणजे प्रत्यक्ष जहाजावर काढलेले महिने. नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा एक वर्षाचा असतो, पण त्यानंतर 18 महिने समुद्रावर ट्रेनिंग केल्याशिवाय सेकंड मेटच्या परीक्षेला बसता येत नाही. ती पास झाल्याशिवाय थर्ड ऑफिसर होता येत नाही. आणि जहाज देते ती शिपिंग कंपनी, कॉलेज नव्हे. म्हणूनच आधी कंपनीची स्पॉन्सरशिप, मग अ‍ॅडमिशन. हा क्रम उलटा केलेली कितीतरी मुलं सर्टिफिकेट हातात घेऊन कंपन्यांच्या ऑफिसांचे जिने चढत-उतरत असतात.

पुढच्या वर्षी आमच्या साहेबांनी सीईटी दिली आणि तीन कंपन्यांच्या परीक्षा दिल्या. दोन ठिकाणी नकार, तिसऱ्या ठिकाणी होकार. त्या दिवशी मामाने सोसायटीभर पेढे वाटले.

ठोक, घास, रंगव

कॉलेजात पहाटेची पीटी, परेड आणि सीनिअर्सचा दरारा. "ते सोपं होतं गं," असं तो आता म्हणतो. त्याचं जहाज बल्क कॅरियर आहे, म्हणजे सुटा माल नेणारं. पहिले काही महिने चिपिंग हॅमरने गंज ठोकायचा, वायर ब्रशने घासायचा, प्रायमर लावायचा, मग रंग. डेकच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा गंज! कोळसा उतरवून धान्य भरायचं असेल, तर इमारतीएवढे खोल होल्ड धुऊन कोरडे करायचे. तपासणीत कोळशाचे कण सापडले, तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यात पावसाळ्यातला अरबी समुद्र. पहिले चार दिवस पोटात पाणीही टिकत नव्हतं. तरीही पहाटे चार ते आठच्या वॉचला चीफ ऑफिसरबरोबर ब्रिजवर उभं राहायचंच.

पण त्याला या कामाची गोडी लागली तीही याच ब्रिजवर. अंधारात समोरच्या जहाजाचे दिवे ओळखायचे. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. (म्हणूनच रंगांधळेपणा असेल, तर डेक कॅडेट होता येत नाही.) जीपीएस असूनही सेक्स्टंटने ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायची आणि ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात अधिकाऱ्याची सही घ्यायची. "पहिल्यांदा माझं गणित बरोबर आलं ना ताई, तेव्हा एकटाच हसत होतो," तो सांगत होता.

अकरा दिवस लांब

जानेवारीत आमची आजी गेली. आम्ही सगळे तासाभरात जमलो. तो हिंदी महासागराच्या मध्यावर होता आणि पुढचं बंदर अकरा दिवसांवर. जहाजावर वायफाय होतं, त्यामुळे त्याला बातमी कळली. पण येणार कसा? कॅप्टनने त्याला त्या दिवशी कामातून सूट दिली. त्याने ती घेतली नाही, दिवसभर रंग लावत बसला. करिअर गायडन्सच्या कुठल्याच स्टॉलवर ही गोष्ट सांगत नाहीत. 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून मामी बातम्या बघते त्या नकाशा समोर ठेवून.

"परत येतोस का?" असं मी त्याला आजी गेली त्या आठवड्यात विचारलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आठ महिने झालेत, दहा राहिलेत. ते करून येतो."

मी यावर काही बोलले नाही. ग्लॅमर बघून निघालेला मुलगा असं उत्तर देत नाही, एवढं मात्र मला कळलं.

जायचंय? मग हे बघा

* बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून सरासरी 60 टक्के. दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत 50 टक्के.
* इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्या. एक वर्षाचा डिप्लोमा किंवा तीन वर्षांचं बीएस्सी नॉटिकल सायन्स, असे दोन रस्ते आहेत.
* फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून मेडिकल करून घ्या. डोळ्यांपाशीच अनेकांचं अडतं.
* कंपनीचं आरपीएसएल लायसन्स वेबसाइटवर तपासा. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार चालत नाही. कुणी मागितले, तर उठून चालू पडा.
* मुलींनो, तुम्हीसुद्धा! राधिका मेनन भारतीय मर्चंट नेव्हीतल्या पहिल्या महिला कॅप्टन. समुद्रात अडकलेल्या मच्छीमारांना वाचवल्याबद्दल 2016 मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.
* आणि हो, टोकन देऊ नका. आमचे 25 हजार अजून परत आलेले नाहीत.