दुखणें सरल्यावरचें दुखणें

कांहीं दुखण्यांचें नांव उच्चारण्यासहि आपल्या कुटुंबांतून संकोच वाटतो. स्तनाचा कर्करोग हें त्यांपैकींच एक. आमच्या सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें १९८७ सालीं कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण वस्तीची अशी नोंद ठेवणारी ती देशांतील पहिलीच. तिच्यामुळें रोग मोजतां येऊं लागला. परंतु शस्त्रक्रियेंत स्तन गमावून घरीं परतलेल्या तरुण स्त्रीच्या मनाची अवस्था कोणत्याहि वहींत उतरत नाहीं. ती घरच्या माणसांनींच वाचावयाची असते. पाश्चात्य देशांच्या मानानें आपल्याकडे हा रोग सरासरीनें सुमारें दहा वर्षें आधीं जडतो. त्यामुळें पदरीं लहान मूल असलेली सून, क्वचित् लग्नाची मुलगीहि त्याच्या तडाख्यांत सांपडते.

अशा स्त्रीस घरांतील वडीलधारीं म्हणतात, "जीव वाचला हें काय थोडें झालें? आतां रडावयाचें कशास?" बोलणें मायेचें असतें, पण त्यानेंच तिचें तोंड बंद होतें. मग ती आरशासमोर उभी राहत नाहीं, जावा-नणंदांच्या देखत पातळ बदलीत नाहीं, संक्रांतीच्या हळदीकुंकवास जाण्याचें टाळते, आणि पतीपाशींहि अंग चोरून असते. छातीची व काखेची त्वचा बधिर झालेली, काखेंतील ग्रंथी काढल्या असल्यास हात सुजण्याचें भय, औषधांनीं केस गळलेले, कधीं पाळीहि थांबलेली! केस पुन्हां येतात. परंतु 'आपण पूर्वीच्या उरलों नाहीं' ही भावना तेवढ्यांत मनांत घर करते. वर्गांत गप्प बसलेल्या मुलास सारें समजलें असें मानणारा शिक्षक फसतो, हें आम्ही पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. घरांत गप्प असलेल्या सुनेविषयींहि तेंच समजावें.

हा केवळ रूपाचा अभिमान आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. सुश्रुतसंहितेंत तुटलेलें नाक व कानाची पाळी पुन्हां घडविण्याचा विधि सांगितला आहे. इंग्रजांच्या सैन्यांतील कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक टिपूच्या लोकांनीं कापलें होतें. पुण्याजवळ एका देशी शस्त्रकुशल इसमानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक त्यास करून दिलें, आणि तो वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत छापून आला. नाकावांचून मनुष्य मरत नाहीं; तरीहि कावसजीस कोणी नटवा म्हणणार नाहीं. मग स्त्रीच्याच दुःखास नटवेपणा कां म्हणावें?

आतां उपायांविषयीं. रोग आरंभींच्या अवस्थेंत असेल, तर पुष्कळदां केवळ गांठ व भोंवतालचा भाग काढून किरणोपचार केल्यानें भागतें. पूर्ण स्तन काढलेल्या आणि असा उपचार झालेल्या स्त्रियांचें आयुर्मान सारखेंच भरतें, असें वीस वर्षांच्या पाहणीनंतर २००२ सालीं अमेरिका व इटली येथील शस्त्रवैद्यांनीं दाखवून दिलें. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वींच डॉक्टरांस विचारावें. स्तन काढावाच लागला, तर पाठीच्या वा पोटाच्या मांसत्वचेनें तो पुन्हां घडवितां येतो. अथवा पोलक्याच्या आंत ठेवावयाचा कापसाचा किंवा सिलिकोनचा कृत्रिम स्तन मिळतो. मात्र यांपैकीं कांहींच नको असें तिनें ठरविलें, तर तोहि तिचाच अधिकार.

घरच्यांचें काम याहून सोपें, पण अधिक मोलाचें आहे. आंतून कडी लावतां येईल अशी एक खोली तिला द्यावी. हा रोग स्पर्शानें जडत नाहीं, हें जाणून मूल निःशंकपणें तिच्या मांडीवर द्यावें. पतीनें इस्पितळांत बरोबर जावें, आणि ती दाखवील तेव्हां व्रणाकडे पाहण्यास कचरूं नये. झोप-भूक कित्येक आठवडे उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यांत कमीपणा मानूं नये. 'थोडे दिवस माहेरीं जा' असें म्हणतांना ती विश्रांति आहे कीं हद्दपारी, हें सासरच्यांनीं आपल्या मनास विचारावें. आणि तिला रडूं येईल तेव्हां रडूं द्यावें. त्या वेळीं जवळ बसणारें कोणीतरी असलें, म्हणजे पुष्कळ झालें.