ब्रश दिसतो मऊ, पण...

शनिवारची दुपार. आठवडाभर लॅपटॉप बडवून झाला की हाताने काहीतरी खरंखुरं करायची खुमखुमी येते ना, तशी मलाही आली होती. त्यात आजीचं सागवानी कपाट वाड्यातून नुकतंच माझ्या फ्लॅटवर आलेलं. बाहेरून ऑइलपेंटचे चार थर, वरचा थर टिपिकल सरकारी हिरवा. आतून मात्र कोरं सागवान. म्हटलं, हा रंग उडवायचा, लाकडाच्या रेषा वर आणायच्या आणि हॉलमध्ये एकदम अँटिक लुक!

व्हिडिओ बघून अभ्यास झाला होता. फ्लॅटमेटकडे चार इंची ग्राइंडर होता. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन मशीनवर लावायचा नायलॉनचा ब्रश आणला. वाटीसारखा आकार, जाड जाड केस. तारेच्या ब्रशची मला भीती वाटायची, पण हा तर भांडी घासायच्या ब्रशचा मोठा भाऊ वाटला. ग्राइंडरवर फिरवला, आटे मस्त बसले. बाल्कनीत उभी राहिले आणि बटण दाबलं.

पहिलं मिनिट सॉलिड मजा आली. मग चष्म्यावर 'खट्' झालं. कपाळावर चटका बसला. मशीन बंद करून बघितलं, तर डाव्या काचेवर खोल ओरखडा आणि ब्रशचे तीन-चार केस गायब. एक पडद्यात अडकलेला सापडला. चष्मा नसता तर? तो विचार मी आजही पूर्ण करत नाही.

ब्रश घेऊन तडक दुकानात गेले. भांडायच्या तयारीने. काउंटरवरच्या काकांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, पाकीट वाचलंत का?" पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं : कमाल वेग ४५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ४५०० फेरे. "आणि तुमचा ग्राइंडर?" त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं : ११०००.

"बसतो म्हणजे चालतो असं नसतं," काका म्हणाले. माझा भांडायचा मूड तिथेच संपला.

घरी येऊन कॅलक्युलेटर काढला. ब्रशचा व्यास १०० मिलिमीटर. ४५०० फेऱ्यांना त्याची कड ताशी ८५ किलोमीटरने पळते. ११००० फेऱ्यांना ताशी दोनशेच्या वर! एक्स्प्रेसवेवर कारलासुद्धा १००ची मर्यादा आहे. बरं, वेग अडीचपट झाला म्हणून केस बाहेर खेचणारा जोर अडीचपट होत नाही. तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ सहापट.

आणि हे केस नुसते नायलॉनचे नसतात. त्यांच्या आत, मुळापासून टोकापर्यंत, सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण पेरलेले असतात. पॉलिशपेपरवर असतात तेच. केस झिजला की आतले नवे कण बाहेर येतात, म्हणून धार टिकते. काम करतं ते केसाचं टोक. आपण जोर लावून दाबला की केस आडवे होतात, घर्षणाने तापतात आणि नायलॉन वितळून लाकडावर चकचकीत डाग पडतो. मला वाटलं होतं ते पॉलिश आहे!

पण खरा धक्का पुढे होता. दुसऱ्या दिवशी ताई तिच्या आठ महिन्यांच्या पिल्लाला घेऊन येणार होती. ते आता रांगतं आणि दिसेल ते तोंडात घालतं. आणि माझ्या बाल्कनीत, खिडकीच्या कठड्यावर, हॉलच्या फरशीवर हिरवी भुकटी पसरलेली.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी, तीही १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आजीच्या कपाटाचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. मी ताईला फोन केला, "या वीकेण्डला नको येऊस." कारण सांगितल्यावर तिकडे बराच वेळ शांतता होती.

केरसुणीला हात न लावता मास्क लावून सगळं घर ओल्या फडक्याने पुसलं. दोनदा. फडकी आणि घातलेले कपडे बाकीच्या कपड्यांत टाकले नाहीत. दारं आणि बाहेरची बाजू पॉलिशवाल्या मिस्त्रींकडे दिली. त्यांना शिशाचं आधी सांगितलं. त्यांनी पेंट रिमूव्हर आणि वॉटरपेपरने ओलं ठेवूनच रंग काढला, धूळ उडू दिली नाही. आतलं कोरं सागवान मात्र मीच केलं. नवा ब्रश, या वेळी ड्रिल मशीनवर, ३०००च्या आतल्या वेगात. हात हलका. रेषा काय सुंदर उठल्या म्हणून सांगू!

तुम्हीही या वीकेण्डला हात साफ करणार असाल, तर एवढं कराच :

- ब्रशवरचा आकडा मशीनवरच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. आकडाच नसेल तर ब्रश घेऊ नका.
- चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. बाजूने बंद असलेला सेफ्टी गॉगल घाला, वर फेस शील्ड असेल तर उत्तम. शेजारी बघत उभा राहणाऱ्यालाही गॉगल द्या.
- एन-९५ मास्क लावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या १९९५च्या अहवालातच आहे.
- केस घट्ट बांधा. ओढणी, सैल बाह्या, सैल सुती हातमोजे नकोत. फिरता ब्रश ते ओढून घेतो.
- वस्तू शिकंज्यात घट्ट धरा, मशीन दोन्ही हातांनी.
- नवा ब्रश आधी मिनिटभर मोकळा फिरवा. त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नका. केस गळायला लागले की ब्रश कचऱ्यात.
- ब्रश बदलताना आधी प्लग काढा.
- जुना रंग असेल तर मशीन लावूच नका.

कपाट आता हॉलमध्ये आहे. ताईचं पिल्लू त्याला धरून उभं राहायला शिकलं. ओरखडा पडलेला चष्मा मी खालच्या खणात ठेवलाय. ड्रिल काढायला खण उघडला की आधी तोच दिसतो.