लिनक्समधील उपकरण-ओळख व तिचे दोषशोधन

संगणकाला जोडलेले पेनड्राइव्ह, मोडेम, छपाईयंत्र यांसारखे उपकरण वापरकर्त्याने काहीही न सांगता ओळखणे व वापरण्याजोगे करणे, यास उपकरणांची स्वयंचलित ओळख असे म्हणतात. लिनक्स या मुक्तस्रोत संगणक प्रणालीत हे काम कोणताही एक प्रोग्रॅम करीत नाही. प्रणालीचा गाभा असलेले कर्नल, उपकरणाचा ड्रायव्हर, यूडेव्ह नावाची पार्श्वसेवा आणि शेवटी डेस्कटॉप अशी ही साखळी आहे. त्यामुळे 'उपकरण ओळखले जात नाही' या एकाच तक्रारीमागे निरनिराळे दोष असू शकतात आणि एका कडीवरचा उपाय दुसऱ्या कडीला सहसा लागू पडत नाही. प्रणाली पुन्हा स्थापित करण्याचा सल्ला या बाबतीत सर्रास दिला जातो. तो बहुतेक वेळा अनावश्यक असतो.

पार्श्वभूमी

युनिक्सच्या परंपरेनुसार लिनक्समध्ये बहुतेक उपकरणे 'डेव्ह' या निर्देशिकेतील फाइलींच्या रूपाने दिसतात. सुरुवातीच्या काळात संभाव्य अशा प्रत्येक उपकरणाची फाइल तेथे आधीच तयार करून ठेवली जाई. प्रत्यक्षात संगणकाला चार-पाच उपकरणे जोडलेली असली, तरी निर्देशिकेत हजारो नावे असत. डेव्हएफएस या पुढच्या योजनेत फक्त उपस्थित उपकरणांच्याच फाइली तयार होत, परंतु त्यांची नावे कर्नल ठरवीत असे. नावे देण्याचे धोरण कर्नलबाहेर असावे, या विचारातून ग्रेग क्रोआ-हार्टमन, के सिव्हर्स आदींनी २००३ मध्ये यूडेव्ह विकसित केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आलेल्या कर्नल २.६ मधील सिसएफएस ही माहितीव्यवस्था त्याचा आधार ठरली. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडी या प्रकल्पात विलीन झाले. हा निर्णय मान्य नसलेल्या जेंटू वितरणाच्या विकासकांनी इयूडेव्ह ही वेगळी शाखा काढली.

कार्यपद्धती

यूएसबी उपकरण जोडले की कर्नल त्याच्याकडून उत्पादक-क्रमांक व उत्पादन-क्रमांक वाचून घेते. या क्रमांकांवरून योग्य ड्रायव्हर शोधला जातो. याच वेळी कर्नल घटनेचा संदेश प्रसारित करते. यूडेव्ह तो संदेश ऐकते, नियमांच्या फाइली क्रमाने तपासते आणि त्यांनुसार परवानग्या ठरविणे, पर्यायी नावे देणे, एखादी सेवा सुरू करणे ही कामे करते. २००९ मधील कर्नल २.६.३२ पासून उपकरणाची मूळ फाइल कर्नल स्वतःच निर्माण करू शकते. म्हणून फाइल दिसते एवढ्यावरून यूडेव्हचे काम नीट झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

दोष कोणत्या कडीत आहे?

तपासणी खालून वर करावी. येथे दिलेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये लहान रोमन अक्षरांत टंकायच्या असतात. प्रथम 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. उपकरण जोडूनही एकही नवी ओळ उमटत नसेल, तर यूडेव्हकडे पाहण्याचे कारणच नाही. केबल किंवा पोर्ट बदलून पाहावे. केवळ वीज वाहून नेणाऱ्या, विदा-तारा नसलेल्या चार्जिंग केबली दिसायला अगदी नेहमीच्या केबलीसारख्याच असतात आणि त्यांच्यापायी पुष्कळ वेळ वाया जातो. नोंदींमध्ये उणे ७१ हा त्रुटी-क्रमांक वारंवार येत असेल, तर संवादाच्या पातळीवर बिघाड असतो, आणि उणे ११० हा क्रमांक उपकरणाने मुदतीत उत्तर न दिल्याचे सांगतो. दोन्ही वेळा खराब केबल, अपुरी वीज किंवा सदोष हब यांचा संशय आधी घ्यावा.

नोंदींमध्ये उपकरण दिसत असेल, तर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा 'टी' या पर्यायासह चालवावी. उपकरणासमोर ड्रायव्हरचे नाव नसल्यास त्याचा ड्रायव्हर उपलब्ध नसतो किंवा भरला गेलेला नसतो. (काही उपकरणे कर्नलच्या ड्रायव्हरशिवायही चालतात, हे येथे लक्षात ठेवावे.) याचे एक फसवे कारण म्हणजे नुकतेच झालेले अद्ययावतीकरण. आर्च लिनक्ससारख्या वितरणात नवे कर्नल स्थापित होताना जुन्याचे ड्रायव्हर पुसले जातात, पण संगणक बंद करून सुरू करेपर्यंत चालू असते ते जुनेच कर्नल. आधी जोडलेली उपकरणे बिनबोभाट चालतात, नवीन प्रकारचे उपकरण मात्र लावताच अडते. संगणक पुन्हा सुरू करणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

थ्रीजी काळातील अनेक इंटरनेट डोंगल आधी सीडी-चालक म्हणून प्रकट होतात, कारण त्यांच्यात विंडोजसाठीचा ड्रायव्हर साठवलेला असतो. त्यांना मोडेमच्या रूपात आणण्यासाठी 'यूएसबी-मोडस्विच' हा प्रोग्रॅम लागतो.

ड्रायव्हर भरला गेला असूनही प्रोग्रॅमला उपकरण उघडता येत नसेल, तर प्रश्न बहुधा परवानगीचा असतो. सिरियल उपकरणे डेबियन व उबुंटूमध्ये 'डायलआउट' या गटाच्या मालकीची असतात, आर्चमध्ये 'यूयूसीपी' या गटाच्या. वापरकर्त्याला त्या गटात घातल्यावर बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. ही पायरी राहून जाते. सर्वांना लेखनाची मुभा देणारी ०६६६ ही परवानगी लावून मोकळे होण्याची पद्धत सोपी असली तरी सुरक्षेच्या दृष्टीने वाईट आहे.

पेनड्राइव्हच्या बाबतीत आणखी एक शक्यता उरते. उपकरण ओळखले गेलेले असते, पण त्यावरील फाइलव्यवस्था वाचता येत नाही. एक्सफॅट या व्यवस्थेचा ड्रायव्हर कर्नलमध्ये प्रथम २०१९ मध्ये, ५.४ या आवृत्तीत, प्रायोगिक स्वरूपात आला. त्याहून जुन्या कर्नलवर वेगळा प्रोग्रॅम लागतो.

नियमांमधील चुका

यूडेव्हच्या नियमात दुहेरी बरोबर-चिन्ह तुलनेसाठी, तर एकेरी चिन्ह मूल्य देण्यासाठी असते. त्यांची अदलाबदल ही सर्वांत परिचित चूक होय. त्याहून सूक्ष्म चूक पालक-उपकरणांच्या गुणधर्मांची असते. एका नियमातील असे सर्व गुणधर्म एकाच पालकाचे असावे लागतात. दोन पालकांचे मिसळले की नियम कधीच लागू होत नाही आणि तक्रारही नोंदवली जात नाही. फाइलीच्या नावातील क्रमांकालाही अर्थ असतो. प्रत्यक्ष संगणकासमोर बसलेल्या वापरकर्त्याला परवानगी देणारी 'यूअ‍ॅक्सेस' ही खूण ७३ च्या आधीच्या फाइलीत असावी लागते, म्हणून ९९ क्रमांकाच्या फाइलीत ती निरुपयोगी ठरते. तसेच डिस्क आरूढ करण्याची आज्ञा नियमातून देता येत नाही, कारण यूडेव्ह बंदिस्त वातावरणात चालते.

'यूडेव्हअ‍ॅडम' या आज्ञेचा 'मॉनिटर' हा पर्याय घटना घडताना दाखवितो, 'इन्फो' गुणधर्म दाखवितो आणि 'टेस्ट' कोणते नियम लागू झाले असते ते सांगतो. बदललेले नियम आधीच जोडलेल्या उपकरणाला आपोआप लागू होत नाहीत. त्यासाठी 'ट्रिगर' हा पर्याय वापरावा किंवा उपकरण काढून पुन्हा लावावे.

सीएच३४० आणि ब्रेल दर्शक

२०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ वर आर्डुइनोच्या स्वस्त प्रतिकृती जोडणाऱ्यांना विचित्र अनुभव आला. 'टीटीवाययूएसबी०' ही फाइल निर्माण होई आणि क्षणात नाहीशी होई. या पाट्यांवर सीएच३४० ही सिरियल चिप असते व तिचा ओळख-क्रमांक १ए८६:७५२३ हा आहे. अडचण अशी की, हाच क्रमांक एका ब्रेल दर्शकाचाही आहे. पडद्यावरील मजकूर उंच टिंबांत उमटविणारे हे उपकरण अंध व्यक्ती वापरतात आणि त्यासाठीची 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा उबुंटूच्या डेस्कटॉपसोबत येते. तिच्या यूडेव्ह नियमाला क्रमांक जुळताच ब्रेल दर्शक लागल्याचे वाटे, आणि सेवा सीएच३४१ या ड्रायव्हरकडून उपकरणाचा ताबा काढून घेई. 'डीमेसेज'च्या नोंदींत या सेवेचे नावही स्पष्ट उमटत असे.

यात यंत्रणेची कोणतीही कडी तुटलेली नव्हती. उत्पादक सर्वसाधारण चिप तिच्या मूळ क्रमांकासह वापरतात, तेव्हा तो क्रमांक आतील चिपची ओळख सांगतो, बाहेरच्या उपकरणाची नव्हे. 'बीआरएलटीटीवाय' काढून टाकावे, हा उपाय सर्वत्र पसरला. एकट्याच्या संगणकावर तो चालून जातो. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सामायिक संगणकावर मात्र त्याने ब्रेल दर्शक वापरणाऱ्याची वाटच बंद होते, आणि तो येऊन बसेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अधिक योग्य मार्ग थोडाच लांब आहे: 'यूएसआर' किंवा 'लिब'मधील मूळ नियम-फाइलीची प्रत त्याच नावाने 'इटीसी'मधील यूडेव्हच्या नियम-निर्देशिकेत ठेवावी व तिच्यातील या क्रमांकाशी संबंधित ओळी टिप्पणीचे चिन्ह लावून निष्क्रिय कराव्यात. 'इटीसी'मधील फाइलीला अग्रक्रम असल्याने अद्ययावतीकरणानंतरही बदल टिकतो आणि इतर ब्रेल दर्शक पूर्ववत चालतात. त्याच चिपचा दर्शक वापरणारे कोणी त्या संगणकावर असेल, तर हा उपायही करू नये. पाटी जोडण्याआधी सेवा तात्पुरती थांबवावी.

अशा दोन पाट्या एकाच वेळी जोडल्यास क्रमांकावरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, कारण सीएच३४०च्या प्रचलित प्रकारांत स्वतंत्र अनुक्रमांक नसतो. त्यांना स्थिर नाव हवे असल्यास 'सिरियल' निर्देशिकेतील 'बाय-पाथ' हे दुवे वापरतात. ते पोर्टच्या जागेवरून ठरतात, त्यामुळे प्रत्येक पाटी नेहमी त्याच पोर्टला लावावी लागते.