काळी नदीच्या मुखाशी गळाची मासेमारी

गळाने मासे धरणे हा मानवाच्या अतिप्राचीन उद्योगांपैकी एक होय. जाळे हे समूहाचे साधन आहे. ते विणण्यास, टाकण्यास आणि ओढण्यास अनेक हात लागतात. गळ मात्र एकट्याचा असतो. एक दोरी, शिशाचा एक तुकडा, एक गरी आणि थोडे आमिष एवढ्या सामग्रीवर माणूस पाण्याच्या काठी बसू शकतो. ज्यांचे पोट मासेमारीवर अवलंबून नाही अशी शहरांतील माणसेही म्हणूनच या छंदाकडे वळतात आणि सुटीचा एखादा आठवडा समुद्रकाठी घालवितात. परंतु समुद्र हा तळे किंवा नदी नव्हे. तळ्यातील पाणी सकाळी असते तेथेच संध्याकाळीही असते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि त्याच्याबरोबर मासेही आपली जागा बदलतात. ही हालचाल ज्याला उमगली नाही त्याने सात दिवस गळ टाकला तरी हाती फारसे काही लागत नाही. ती उमगण्यास सात दिवसांचा काळ मात्र अगदी सोयीचा आहे. तो कसा, हे कर्नाटकातील कारवार येथील किनाऱ्याच्या आधाराने पाहता येईल.

नदी, बेटे आणि माणसे

काळी नदी उत्तर कन्नड जिल्ह्यातच उगम पावते आणि सह्याद्रीचे घनदाट अरण्य ओलांडून त्याच जिल्ह्यात, कारवारच्या उत्तरेस, समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तर तीरावर सदाशिवगडाचा डोंगर आहे, दक्षिण तीरावर कारवार शहर. किनाऱ्यासमोर कूर्मगड, देवगड यांसारखी खडकाळ बेटे आहेत. देवगडावर दीपगृह आहे. कूर्मगडावरील नरसिंहाच्या जत्रेला पौष महिन्यात होड्यांतून माणसे जातात. दक्षिणेकडील अंजदीव बेट आणि त्याच्या आसपासचा भाग नौदलाच्या ताब्यात असून २००५ मध्ये तेथील नाविक तळाचा पहिला टप्पा कार्यान्वित झाला. त्या हद्दीत होडी नेण्यास मनाई आहे, हे पाहुण्याने प्रथमच लक्षात ठेवावे.

येथील मच्छीमारांत हरिकंत्र, खारवी, अंबिग, गाबीत असे समाज आहेत. गाबितांची वस्ती मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्यातून कारवारापर्यंत सलग आढळते, आणि घरोघरी कोकणी बोलली जाते. त्यामुळे बांगडा, तारली, तिसऱ्या, कालवे ही नावे येथे मराठी माणसाला परकी वाटत नाहीत.

नदीमुखाला दुहेरी स्वभाव असतो. पावसाळ्यात काळीचे गोडे पाणी समुद्रापर्यंत लोटते; पावसाळा सरला की खारे पाणी पुन्हा हळूहळू आत शिरते. खारे पाणी जड असल्यामुळे ते तळाशी राहते आणि गोडे पाणी त्यावर तरंगते. काठावरील खारफुटीच्या मुळांमध्ये कोळंबीची व अनेक माशांची पिल्ले वाढतात. या पिल्लांच्या शोधात मोठे मासे भरतीबरोबर खाडीत येतात आणि ओहोटीबरोबर परततात. धक्क्यावर बसलेल्या माणसाला मासा मिळतो तो या येण्याजाण्याच्या वाटेवर.

सात दिवसांचे गणित

चंद्र आणि सूर्य या दोहोंच्या आकर्षणामुळे भरती-ओहोटी होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला ही दोन्ही आकर्षणे एका रेषेत येतात. तेव्हा पाणी सर्वांत अधिक चढते व सर्वांत अधिक उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकांशी काटकोन करतात आणि चढउतार कमी होतो. त्याला भांग म्हणतात. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणजे अमावास्येपासून अष्टमीपर्यंतच्या आठवड्यात पाण्याची तीव्र आणि मंद अशी दोन्ही रूपे पाहावयास मिळतात. सात दिवसांच्या सुटीचा आरंभ अमावास्येस करावा असे सुचविण्यामागे एवढेच कारण आहे.

चढउताराचे मान सर्वत्र सारखे नसते. खंबातच्या आखातात उधाणाच्या वेळी पाणी दहा मीटरहूनही अधिक चढते, मुंबईस चार-पाच मीटर, कारवारच्या आसपास सुमारे दोन मीटर, तर कोचीस जेमतेम एक मीटर. तेव्हा एका बंदरावर शिकलेली युक्ती दुसऱ्या बंदरावर जशीच्या तशी चालत नाही.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणपट्टीतील जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, आणि त्यांच्या मध्यावर ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे. स्थानिक भूरचनेमुळे त्यात फरक पडतो, म्हणून होडी न्यावयाची असेल तेव्हा त्या बंदराचे छापील कोष्टकच प्रमाण मानावे.

धक्क्यावरील दिवस

पहिले तीन-चार दिवस उधाणाचे. पहाटे ओहोटी संपलेली असते आणि खाडीचा तळ उघडा पडतो. या वेळी गळ न टाकता नुसते पाहावे. कोठे खडक आहे, कोठे वाळू, कोठे पाण्याची खोल वाट आहे, हे सारे तेव्हा दिसते. स्त्रिया गुडघाभर पाण्यात तिसऱ्या वेचीत असतात, त्यावरून मऊ वाळूचे पट्टे ओळखता येतात. तीन तासांनंतर हेच सारे पाण्याखाली जाणार असते.

सातच्या सुमारास पाणी आत वळू लागते. भरतीचा हा पहिला भाग आणि ओहोटीचा प्रारंभ, या दोन वेळा धक्क्यावरील मासेमारीस उत्तम. मध्येच, भर प्रवाहात, शिसे जागेवर ठरत नाही आणि गढूळ पाण्यात आमिष दिसत नाही. वाळूच्या तळावर मुडदुशी मिळते. तिचे तोंड लहान, म्हणून गरीही लहान लागते आणि आमिष म्हणून सोललेल्या कोळंबीचा तुकडा पुरतो. खडकांच्या आणि धक्क्याच्या खांबांच्या आडोशाला तांबोशी व गोबरा दबा धरून असतात. खाडीच्या आतल्या अंगाला, खारफुटीच्या कडेने, जिताडा फिरतो. त्याला जिवंत कोळंबी किंवा लहान बोय लागते.

शेंगाळा लागला तर सावध राहावे. त्याच्या पाठीवरील आणि दोन्ही बाजूंच्या परांतील काटे दातेरी व विषारी असतात. काटा रुतल्यास जखम धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा. त्याने वेदना कमी होतात. त्यानंतर डॉक्टरकडे जाणे टाळू नये.

ज्या धक्क्यावर होड्यांतून मासळी उतरविली जाते तेथे परवानगीवाचून गळ टाकू नये. काम करणाऱ्यांच्या पायांत दोरी अडकविण्याचा अधिकार हौशी माणसाला नाही. तुटलेली नायलॉनची दोरी पाण्यात सोडणे हा तर सरळ अपराध समजावा. ती वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पक्षी, कासवे तिच्यात गुरफटून मरतात.

होडीतील दिवस

पंचमी-षष्ठीपासून भांग लागते. आता खाडीचा प्रवाह मंद होतो, पाणी निवळते आणि लहान होडीने बाहेर जाण्यास अनुकूल काळ येतो. याच दिवसांची निवड का करावयाची, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत या किनाऱ्यावर वाऱ्याचा एक नियमित क्रम असतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दुपारी जमीन तापते, वरची हवा हलकी होते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. उधाणाच्या दिवशी अकरा-साडेअकरानंतर ओहोटीचा जोरदार लोंढा बाहेर धावतो आणि त्याच वेळी समोरून खारा वारा व लाटा येतात. वाहते पाणी आणि येणारी लाट यांची गाठ नदीच्या मुखावरील वाळूच्या बांधावर पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. लहान होडी उलटते ती बहुधा अशा ठिकाणी. भांगेच्या सुमारास मात्र पहाटे सहाला भरती पूर्ण झालेली असते. मंद ओहोटी आणि मतलई वारा दोन्ही होडीला अलगद बाहेर नेतात आणि खारा वारा सुटण्यापूर्वी, दहा-अकराच्या आत, परतता येते.

होडी स्थानिक नाखव्याचीच घ्यावी, मग ती उलांडीची असो वा यंत्राची. तोंड बंद करावयाची पिशवी, पाणी, शिट्टी, विजेरी आणि प्रत्येकाला तरंगजाकीट एवढे सामान आवश्यक आहे. जाकीट होडीच्या तळाशी न ठेवता अंगात घालावे. नाखव्याने परत फिरावयाचे म्हटले की वाद घालू नये. ढग आणि लाट त्याने पाहुण्यापेक्षा हजार वेळा अधिक पाहिलेली असते.

बेटांच्या खडकाळ उतारांपाशी नांगर टाकला की गळ तळाला सोडता येतो. येथे पदार्थविज्ञानातील एक साधी गोष्ट माशाच्या जिवावर बेतते. पाण्यात दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका थराइतका दाब वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. गोबऱ्याच्या पोटातील वायूची पिशवी त्या दाबाशी जुळवून घेतलेली असते. त्याला झपाट्याने वर ओढले की वायू तिपटीने फुगतो आणि जठर तोंडावाटे बाहेर येते. असा मासा पाण्यात सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही आणि सहसा जगत नाही. म्हणून खोल पाण्यात 'धरून सोडून देऊ' हा विचार फसवा आहे. खाण्यापुरते मासे मिळाले की तेथे गळ टाकणेच थांबवावे.

किती मासे पुरेसे

या प्रश्नाला कारवारच्या किनाऱ्यावर एक इतिहास आहे. येथील मोठे रापण अनेक कुटुंबांची माणसे मिळून किनाऱ्यावरून ओढीत आणि बांगड्याचा वाटा सर्वांना मिळे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका आल्या. त्या बांगड्याचे व तारलीचे थवे खोल पाण्यातच वेढू लागल्या आणि काही वर्षांतच रापण मागे पडले. शेंगाळ्याची कथा अधिक बोलकी आहे. या माशाचा नर अंडी आपल्या तोंडात धरून उबवितो आणि त्या काळात अन्न घेत नाही. असे नर थव्यांनी पर्ससीन जाळ्यांत सापडू लागले, तेव्हा एका ओढीत बापाबरोबर पुढची पिढीही गेली, आणि पुढे या माशाचे उत्पन्न घसरले. १९८६ मध्ये कर्नाटकाने सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मनाई केली जाते, कारण अनेक जातींचा प्रजननाचा काळ पावसाळ्याशी निगडित आहे.

एका गळाने समुद्र रिता होत नाही हे खरे. तथापि कोणता मासा धरला याला महत्त्व असते. जिताडा आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून फार मोठा जिताडा ही जवळजवळ नेहमीच अंडी देणारी मादी असते. गोबऱ्याचा क्रम उलटा: तो आधी मादी, नंतर नर. त्यामुळे एखाद्या खडकावरील सर्वांत मोठे गोबरे धरीत गेल्यास तेथे नरच उरत नाहीत. ज्या माशाबरोबर छायाचित्र काढण्याचा मोह अधिक, तोच खाडीला अधिक हवा असतो. उथळ पाण्यात लागलेला मोठा जिताडा ओल्या हातांनी धरून, गरी हलकेच काढून सोडून द्यावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. व्हेल शार्कला २००१ पासून आणि समुद्री कासवांना त्यापूर्वीपासून कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. कासव चुकून अडकले तर दोरी कापून त्याला त्वरित मोकळे करावे.

जे मासे ठेवावयाचे त्यांना त्याच क्षणी बर्फ हवा, आणि उष्ण प्रदेशात तो माशाच्या वजनाइतका लागतो. बांगडा किंवा सुरमई उन्हात राहिली तर तिच्या मांसात हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजविण्याने नाहीसे होत नाही, आणि खाणाऱ्याचे अंग लाल होऊन त्याला मळमळ व डोकेदुखी होते.

सातव्या दिवशी पाणी पहिल्या दिवसासारखे राहिलेले नसते. अमावास्येला जो खडक पहाटे उघडा दिसला होता, तो अष्टमीच्या पहाटे पाण्याखाली असतो. तो तेथे आहे हे आता ठाऊक असते, आणि गळ कोठे टाकू नये हेही. किनाऱ्यावर जन्मलेल्या मुलाला हे ज्ञान बोलण्याबरोबरच मिळते. बाहेरून आलेल्याला त्यासाठी एक आठवडा खर्च करावा लागतो. टोपलीत चार मुडदुशी आणि एखादी तांबोशी असली, तर तो आठवडा सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.