लुकलुकणारा लाल दिवा

ट्रकच्या डॅशबोर्डावरचा ऑईलचा लाल दिवा कायम पेटला, तर निर्णय सोपा असतो : गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचे. घोळ घालतो तो लागून विझणारा दिवा. गॅरेजात तो हटकून शहाण्यासारखा वागतो! म्हणून मी ड्रायव्हरला आधी एकच विचारतो, ‘दिवा लागतो कधी?’

खंबाटकी घाटाच्या वळणावर लागत असेल, तर ऑईल कमी असण्याचा संभव. उरलेले एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. तापलेले इंजिन आयडलिंगला असताना लागला, तर ऑईल पातळ झालेले किंवा बेअरिंगे झिजलेली. खड्ड्यात आदळल्यावर लुकलुकला, तर बहुधा प्रेशर स्विचची वायर घासून चासीला टेकते आहे. खात्रीसाठी स्विच काढून तिथे प्रेशर गेज लावावा.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनचा पिवळा दिवा विझला तरी कोड संगणकात राहतो. पण कोड सर्किट सांगतो. घासलेली वायर हातानेच शोधावी लागते.

वैतागून बल्बच काढून टाकणारे महाभागही भेटतात. त्यांना माझे सांगणे एवढेच : दिवा खोटा आहे हे गेजने सिद्ध होईपर्यंत तो खराच मानावा. ऑईलविना बेअरिंगे जळायला घाटाचा एक चढ पुरतो.