मोतीबिंदू : वाटा दोन, नजर एक

‘आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लेसरनं झालं,’ असं घरोघरी सांगितलं जातं. बहुतेक वेळा तिथं लेसर नसतोच. काम करतात ते श्रवणातीत ध्वनितरंग. दातांवरचं किटण काढणारं यंत्र पाहून अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांना ही युक्ती सुचली आणि १९६७ मध्ये ‘फेको’ शस्त्रक्रिया जन्माला आली.

फेकोत बुबुळाच्या कडेला जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा छेद घेतात. त्यातून आत गेलेली पोकळ सुई सेकंदाला हजारो वेळा थरथरते, गढूळ भिंगाचे तुकडे करते आणि ते शोषून घेते. मग घडी घातलेलं कृत्रिम भिंग त्याच छेदातून आत सरकवतात. ते आत हळूहळू उलगडतं.

दुसरी पद्धत ‘एसआयसीएस’. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा कोरतात आणि भिंगाचा कठीण गाभा सहसा अखंड बाहेर काढतात. डोळ्यातल्या दाबानंच बोगद्याचं तोंड मिटतं, त्यामुळे टाका लागत नाही. महागडं यंत्रही लागत नाही.

मग सरस कोणती? पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर दोन्हींची तुलना झाली; निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर फेकोनंतर ८१ टक्के, तर एसआयसीएसनंतर ७१ टक्के डोळ्यांना होती. योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर मात्र दोन्हीकडे आकडा एकच, ९८ टक्के. छेद मोठा असला की बुबुळाची गोलाई किंचित बदलते, म्हणून चष्म्याची गरज वाढते.

पण मोतीबिंदू पिकून तपकिरी, टणक झाला असेल, तर फेकोची सुई जास्त वेळ चालवावी लागते. त्या ऊर्जेनं बुबुळाच्या आतल्या अस्तराच्या पेशी मरू शकतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. अशा डोळ्यासाठी निष्णात हातांची एसआयसीएस हा उत्तम पर्याय आहे. ती ‘गरिबांची’ म्हणून कमी प्रतीची मानणं चूकच.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचा काळ केव्हाच मागे पडला. घरातल्या वडीलधाऱ्यांना पायरी नीट दिसत नसेल, सुईत दोरा ओवता येत नसेल, तर लगेच डोळे तपासून घ्या. ‘कोणतं यंत्र आहे?’ यापेक्षा ‘या डोळ्याला काय योग्य?’ हे डॉक्टरांना विचारा.