डोंगरची फटफटी, पेठेतली स्वारी

डोंगर चढणारी फटफटी रोज कचेरीलाही न्यावी, असा चिरंजीवांचा हट्ट असतो. तो अगदीच वावगा नव्हे. भरपूर दबणारे शॉक-ॲब्सॉर्बर खड्ड्यांत कमरेवर उपकारच करतात. अडते ते उंचीपाशी! 2019 साली आलेल्या हिरो एक्सपल्स 200 ची बैठक जमिनीपासून 823 मिलिमीटर. बेताच्या उंचीच्या माणसाने सिग्नलपाशी पाय टेकावा कसा, आणि मागे आईने लुगडे सावरीत चढावे कसे? 2016 ची हिमालयन 800 मिलिमीटरची खरी. पण वजन 180 किलोंच्या वर, कलली की आवरत नाही. गाठीदार टायर तर डांबरावर नुसते घुमतात. तेव्हा दुकानात जाताना मागे बसणारे माणूस बरोबर न्यावे, आणि पायांत रोजच्याच चपला असाव्यात.